लाल दिव्यापाशी आपण किती धूर घेतो?

चंद्रपूरच्या हवेचा विषय निघाला की औष्णिक वीजकेंद्र आणि कोळशाच्या खाणी आठवतात. ते योग्यच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांमध्ये चंद्रपूर चौथे होते. पण शाळेत पायी जाणारी मुलगी वरोरा नाक्यावर रस्ता ओलांडायला थांबते, तेव्हा तिच्या नाकाला सर्वांत जवळचे धुराडे समोरच्या बसचे असते.

चौकात धूर जास्त का? थांबलेल्या वाहनांची इंजिने चालूच असतात आणि धूर एकाच जागी साचतो. हिरवा दिवा लागताच सगळी वाहने एकदम वेग घेतात. जड वाहन जागचे हलवायला जास्त जोर लागतो, म्हणून जास्त इंधन जळते. सूक्ष्म कण व नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बाहेर पडतात. ब्रेक, टायर व रस्त्यावरची धूळ त्यात मिसळते. जटपुरा गेटसारख्या जुन्या कोटाच्या दरवाजापाशी रस्ता अरुंद होतो, तेथेही हेच घडते. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची थंड, जड हवा वर जात नाही. शाळेची वेळ नेमकी तीच!

आता एक गणित करू. समजा, शाळेची वाट २० मिनिटांची आहे. त्यांपैकी २ मिनिटे चौकात जातात आणि तेथे कण पाचपट आहेत. उरलेल्या वाटेचे १८ भाग, चौकाचे २ × ५ = १० भाग; एकूण २८. म्हणजे वेळ दहावा हिस्सा, पण कण एकतृतीयांशाहून जास्त! इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात मोटारचालकांचा सुमारे २ टक्के वेळ सिग्नलच्या चौकांत गेला, पण कणांच्या एकूण मात्रेपैकी सुमारे २५ टक्के तेथेच मिळाली. शहराच्या हवेचा सरासरी आकडा हे सांगत नाही.

म्हणून सिग्नल काढून टाकायचे का? नाही, सुरक्षितपणे रस्ता ओलांडायला ते हवेतच. पण धुराचे प्रमाण वाहनापासून दूर जाताच झपाट्याने घटते. म्हणून कडेपासून चार-पाच पावले मागे उभे राहावे. चालकांनी इंजीन बंद करावे. पादचाऱ्यांना फार वेळ ताटकळावे लागू नये, अशी दिव्यांची वेळ ठेवता येते.

वर्गासाठी उपक्रम: शिक्षकांसोबत पदपथावर सुरक्षित जागी उभे राहून दहा वेळा लाल दिव्याचे सेकंद मोजा. थांबलेल्या वाहनांपैकी किती जणांनी इंजीन बंद केले, तेही लिहा. हा तक्ता नगरपालिकेच्या शहरांत नगराध्यक्षांना, चंद्रपुरात महापालिकेला देता येईल.