कात्रणांची वही

जानेवारी २०१०. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत (कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग, पण ते नाव फक्त पोस्टमनच्या उपयोगाचं) सकाळी पेपर आला की मी गॅलरीत बसून मोठ्यानं वाचायचो. त्या महिन्यात मुंबईत आणि राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येत होत्या. फोटो, मार्क, चिठ्ठी, सगळं छापलेलं. २५ डिसेंबरला ‘थ्री इडियट्स’ लागला होता. तेव्हा दोष सिनेमाच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो.

शेजारची नववीतली मुलगी गणितासाठी माझ्याकडे यायची. एकदा तिच्या वहीत त्याच बातम्यांची कात्रणं सापडली. नीट कापून, तारखेनं लावलेली. “हे काय गं?” म्हणाली, “काका, हिलापण माझ्याएवढेच मार्क होते. आता सगळे हिच्याबद्दल किती चांगलं बोलतात.”

बोलणाऱ्यांत मी होतो. आणि चाचणीच्या मार्कांवरून तिला आठवडाभर टोमणे मारणाराही मीच.

बँकेत जन्म गेला, म्हणून मला हे आधी कळायला हवं होतं. शाखेबाहेर रांग लागल्याचं कानावर आलं की ज्याला पैसे नको असतात तोही पासबुक घेऊन धावतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये आत्महत्यांबाबत तेच दाखवलं: पहिल्या पानावर बातमी गाजली की पाठोपाठ संख्या वाढते. नाव दिलं ‘वेर्थर परिणाम’, गटेच्या १७७४ च्या कादंबरीवरून. (म्हणजे आम्हा कादंबरीवाल्यांनाही हात झटकता येत नाहीत.) उलट व्हिएन्नात १९८७ पासून वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या अशा घटनांची वर्णनं आवरली आणि ते प्रकार बरेच घटले. आपल्या प्रेस कौन्सिलनं तशी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली ती २०१९ मध्ये.

आता तर कात्री लागत नाही. मोबाइलच कात्रणं लावून देतो. लंडनमधल्या एका चौदा वर्षांच्या मुलीच्या २०१७ मधल्या मृत्यूला समाजमाध्यमांवरच्या अशा मजकुराचाही हातभार लागला, असा निर्वाळा तिथल्या कॉरोनरनं २०२२ मध्ये दिला.

आमच्या मुलीला तिची आई केईएमच्या मानसोपचार विभागात घेऊन गेली. चाळीत सांगितलं, डोळे तपासायला. पोरगी सावरली, आज नोकरी करते.

‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत, चोवीस तासांचा नंबर मी गेल्या वर्षी सोसायटीच्या फळ्यावर लिहिला, पाण्याच्या वेळांशेजारी. सेक्रेटरी म्हणाले, “अहो, नसतं ते पोरांच्या डोक्यात कशाला भरवता?” विचारल्यानं विचार पेरला जात नाही, असं डॉक्टर सांगतात, हे मी त्यांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता. मी पुन्हा लिहिला.