विड्यांचा हिशेब आणि गणिताचे पुस्तक

वळलेल्या विड्यांपैकी पाच टक्के बाद ठरत असतील, तर पूर्ण हजाराची मजुरी पदरात पडण्यासाठी किती विड्या वळाव्या लागतील? निपाणी परिसरात ज्या घरांत विड्या वळल्या जातात, तेथील मुलांना हा प्रश्न परका नाही. त्यांचे पहिले उत्तर बहुधा १०५० असे येईल, आणि ते चुकीचे आहे. १०५० चे पाच टक्के म्हणजे साडेबावन्न. ते वजा जाता हाती हजारही उरत नाहीत. १००० ला ०.९५ ने भागावे लागते आणि मग १०५३ हा आकडा मिळतो. टक्केवारी नेमकी कशाची काढायची, हा शालेय गणितातील एक अवघड टप्पा आहे आणि या उदाहरणात तो आपोआप पुढे येतो.

प्रश्न तेथेच थांबत नाही. बाद विड्यांचे पैसे कोणी सोसायचे, हे विचारताच वर्ग नागरिकशास्त्रात शिरतो. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याने बाद विड्यांवरून उद्भवणाऱ्या तंट्यांची स्वतंत्र दखल घेतली होती. तंबाखू हा विषय शाळेत आणावा का, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु जे घरात रोज दिसते ते पुस्तकाबाहेर ठेवल्याने नाहीसे होत नाही. उलट त्याच्या आरोग्यावरील परिणामांचे आकडेही त्याच तासाला मांडता येतात.

असे प्रश्न लिहायचे कोणी? पाठ्यपुस्तक मंडळाला प्रत्येक तालुक्याचे व्यवहार ठाऊक असणे शक्य नाही. ते ठाऊक असतात वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला. मात्र एकट्या शिक्षकाने रचलेली उदाहरणे त्याच्या बदलीबरोबर वहीतच राहतात. म्हणून हे काम गटाने करण्याची पद्धत जगात काही ठिकाणी रूढ झाली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत गणिताचे छापील पाठ्यपुस्तकच नाही. तेथील शिक्षकांनी मिळून प्रश्नसंच लिहिले आहेत आणि अनुभवानुसार ते वेळोवेळी सुधारले जातात. त्यांत ‘त्रिकोण’, ‘समीकरणे’ अशी प्रकरणे नसतात. बीजगणित आणि भूमिती एकाच पानावर गुंफलेली असतात आणि सिद्धान्त विद्यार्थ्याने प्रश्न सोडवतानाच शोधायचा असतो. अर्थात ही श्रीमंत निवासी शाळा आहे. एडवर्ड हार्कनेस यांच्या १९३० च्या देणगीतून तेथे लंबगोल टेबलाभोवती बाराच्या आसपास विद्यार्थी बसवण्याची रीत सुरू झाली. सीमाभागातील शाळेने तिची नक्कल करण्यात अर्थ नाही.

जवळचे उदाहरण कर्नाटकातच आहे. १९९५ मध्ये मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांची पद्धत पाहिली आणि युनिसेफच्या साहाय्याने आपल्या वर्गांसाठी ती नव्याने घडवली. ‘नलि-कलि’, म्हणजे आनंदाने शिक, हे तिचे नाव. अभ्यासक्रमाचे छोटे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासाठी पत्ते तयार करण्यात आले. मूल आपल्या गतीने एकेक पायरी चढते आणि निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसतात. एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो अशा शाळेसाठी हा उपाय शोभेचा नव्हे, निकडीचा होता. वर्गात वापरून पाहायचे, अडले तर पत्ता बदलायचा आणि बदललेला पत्ता पुन्हा इतरांसमोर ठेवायचा, हा या कामाचा खरा गाभा. २००९-१० पासून ही पद्धत राज्यभरातील सरकारी शाळांच्या पहिल्या वर्गांत आली. मात्र राज्यव्यापी झाल्यावर पत्ते छापून वरून येऊ लागले. एका तालुक्यातील शिक्षकांचे लेखन दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकांसाठी आदेश झाले, तर सहकाराची पद्धत हरवून केवळ साहित्य उरते.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील मराठी शाळांपुढे याशिवाय भाषेचा पेच आहे. येथील मुले कर्नाटकाचाच अभ्यासक्रम मराठीतून शिकतात. कन्नड माध्यमातील मूल ज्याला ‘ल.सा.अ.’ म्हणते, त्यालाच मराठी माध्यमातील मूल ‘ल.सा.वि.’ म्हणते, संकल्पना एक, लघुरूप वेगळे, आणि पुढे महाविद्यालयात तिसरेच इंग्रजी नाव. अशा मुलासाठी शब्दांच्या आधी परिस्थिती समजणे मोलाचे असते. १०० किलो ओल्या पानांत ८० टक्के पाणी आहे. वाळवून ते ६० टक्क्यांवर आणले तर वजन किती राहील? अनेकांना ८० किलो वाटते. खरे उत्तर ५० किलो. कोरडा भाग २० किलोच राहतो आणि आता तो एकूण वजनाच्या ४० टक्के असतो. हा प्रश्न मराठीत, कन्नडमध्ये किंवा दोन्ही भाषांच्या मिश्रणात मांडला तरी पानांचे वजन तेच राहते. दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांनी असे प्रश्न एकत्र बसून लिहिले तर पारिभाषिक शब्दांची जोडयादीही त्याच बैठकीत तयार होईल. गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांनाही ती उपयोगी ठरावी, कारण तेथील मुलेही पाचवीपासून इंग्रजी पाठ्यपुस्तकांकडे वळतात.

अडथळे मात्र खरे आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या गणितविषयक भूमिकापत्राने सूत्रांच्या पाठांतरापेक्षा मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे ध्येय मानले, पण दहावीची परीक्षा अजूनही ठरावीक नमुन्यांचीच सवय लावते. पालक गुण पाहतात आणि सीमाभागातल्या मराठी शाळेतील पालकाला तर पाल्य इंग्रजी माध्यमात घालावे का, हा हिशेबही दरवर्षी करावा लागतो. शिक्षकांकडे वेळ नाही, ही तक्रारही निराधार म्हणता येत नाही. जनगणना, निवडणूक आणि माहिती भरण्याची कामे त्यांच्याच वाट्याला येतात. त्यामुळे सुरुवात संपूर्ण अभ्यासक्रमापासून करण्याचे कारण नाही. एका समूह साधन केंद्राच्या मासिक बैठकीत, सातवीच्या एकाच घटकावर, प्रत्येक शिक्षकाने गावातून उचललेला एकेक प्रश्न मांडला, तो पुढील महिन्यात वर्गात तपासला आणि मुलांची चुकलेली उत्तरेही सोबत नोंदवली, तर वर्षअखेर त्या परिसराचा स्वतःचा एक प्रश्नसंच हाती येतो. त्यात १०५० हे चुकीचे उत्तरही कारणांसह नोंदलेले असेल.