ही रेघ कंच्या महिन्याची?

वारा आला की आधी झाडं उडतात. तारेवर हिरवा स्पंज चिकटवून, रात्र जागून केलेली, करंगळीच्या पेराएवढी झाडं. मॉडेलवरून सुटून ती व्हरांड्यात घरंगळतात, तिथून पटांगणात जातात, आणि चौथीतली पोरं हरखून त्यांच्यामागे पळतात. एक मुलगी ओंजळभर झाडं परत आणून देते.

"ताई, ही कशाची हायेत?"

ताई म्हणजे वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी. ती जरा अडखळते. "बाभळीची."

मुलगी एक झाड डोळ्यांजवळ धरून निरखते. "मग काटं कुठायत?"

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे साडेनऊ. भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेलं गाव आणि तिथली जिल्हा परिषदेची शाळा. पुण्यापासून हे ठिकाण साधारण 100 किलोमीटरवर. 24 मुलंमुली बसनं आली आहेत आणि त्यांचं सत्रभराचं काम टेम्पोतून आलं आहे. शीट, मॉडेल, बटर पेपरच्या गुंडाळ्या, आणि एका कोपऱ्यात गोणपाट आणि बांबूंचा एक भारा, ज्याचं काय करायचं ते अजून कुणी सांगत नाही.

वास्तुकलेच्या कॉलेजात ह्या दिवसाला ज्युरी म्हणतात. एरवी ती वातानुकूलित हॉलमध्ये होते. भिंतीला शीट टाचलेल्या असतात, समोर प्राध्यापक आणि बाहेरून बोलावलेले माझ्यासारखे दोघंतिघं वास्तुविशारद बसतात. मूल बोलतं, आम्ही बोलतो, आणि सगळं बोलणं आमच्याच भाषेत चालतं. ह्या वर्षी त्यांच्या सरांनी ठरवलं की ज्या गावासाठी आराखडे काढले, ज्युरी त्याच गावात व्हायची. विषय सोपा दिसतो. गावाला वापरता येईल, शाळेला शिकवता येईल आणि पाण्यावरचे पक्षी बघता येतील, असं काहीतरी उभारायचं. आम्ही दोघं पुण्याचे खुर्च्यांवर बसलो आहोत. शेजारी बाकावर शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाच्या ताई, एक म्हातारे गवंडी, आणि होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवणारे एक मच्छीमार. त्यांना सगळी मुलं मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते.

पहिला मुलगा उभा राहतो. त्यानं मनोरा केला आहे. पक्षी म्हटलं की विद्यार्थ्यांच्या मनात पहिला मनोराच उभा राहतो, हे मी इतकी वर्षं बघते आहे. ह्याचा 9 मीटर उंच, पोलादी सांगाड्याचा, वर चहूबाजूंनी उघडा सज्जा. मॉडेल खरंच सुबक आहे. बाल्साच्या काड्या इतक्या नेमक्या कापल्यात की सांधा दिसत नाही. मुलगा घोकलेलं घडाघडा बोलतो, आणि बोलता बोलता शीटवरच्या निळ्या पट्ट्याच्या कडेवर बोट टेकतो. "हा पाण्याचा काठ. मनोरा काठापासून 12 मीटरवर आहे."

मामा उठतात. चष्मा पुसतात, शीटजवळ जाऊन वाकतात आणि त्या कडेवरून बोट फिरवतात.

"पोरा, ही रेघ कंच्या महिन्याची?"

मुलगा सरांकडे बघतो. सर खिडकीबाहेर बघतात. त्यांनी मुद्दाम उत्तर दिलेलं नाही, हे मला जाणवतं.

ह्या प्रश्नाचं वजन कळायला उजनीचं पाणी ठाऊक हवं. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. सोलापूर जिल्ह्यात भिंत, आणि फुगवटा मागे पार पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्याच्या कडेकडेनं पसरलेला. पूर्ण भरलं की 117 टीएमसी पाणी. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पण उन्हाळा कडक निघाला की मृतसाठ्यालाही हात लागतो आणि वर्तमानपत्रात धरणाची टक्केवारी उणे छापून येऊ लागते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 च्याही खाली गेली होती. अशा वर्षी एरवी पाण्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. ह्या बाजूला तळ पसरट आहे. पातळी हातभर उतरली की काठ शेतभर मागे सरकतो. पावसाळा संपताना जिथं होडी लागते, तिथं आत्ता चिखल आहे, आणि त्याच चिखलाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळत उभे आहेत. आणखी दोन महिन्यांनी तोच चिखल सुकेल आणि कुणीतरी त्यात गाळपेर करेल. म्हणजे एकच पट्टा. त्यावर मासेमारी, पक्षी आणि शेती, तिघांचा आळीपाळीनं मुक्काम.

मुलाच्या शीटवर मात्र तो पट्टा एकाच निळ्या रंगानं भरला आहे. उपग्रहाच्या चित्रावरून गिरवलेला. चित्र ज्या दिवशी टिपलं गेलं त्या दिवसाचा काठ, तोच बारमाही.

"दिवाळीला ह्यो तुझा मनोरा पाण्यात," मामा शांतपणे सांगतात, "आन मे महिन्यात पाणी हितनं दिसणारसुद्धा न्हाई."

गवंडी आजोबा बसल्या जागेवरून विचारतात, "पाया काळ्यात का मुरमात?"

मुलानं तेही बघितलेलं नाही. आजोबा रागवत नाहीत, हातानं दाखवतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते, भेगा इतक्या रुंद पडतात की त्यात पंजा जातो. तिच्यावर नुसता टेकवलेला खांब दर वर्षी थोडा हलतो. "मुरूम लागंस्तवर खाली जा. न्हाईतर वरचं सगळं हलकं कर, हलंल तर हलंल."

मुलगा ते लिहून घेतो. त्याचा चेहरा पडला आहे, पण मान वर आहे. माझ्या शेजारचे पुण्याचे गृहस्थ बोलायला तोंड उघडतात आणि मिटतात. आमच्याकडे बोलण्यासारखं होतं ते सगळं सांध्यांबद्दल आणि प्रमाणाबद्दल होतं.

पुढचे काही प्रकल्प भराभर होतात. एकानं वाचनालय केलं आहे, चांगलं आहे, ते कुठल्याही गावात चालेल आणि हीच त्याची अडचण. एका मुलीनं पक्षी बघायला काचेची लांब भिंत काढली आहे. तिला सर एवढंच विचारतात की काचेत आभाळ दिसलं तर उडणाऱ्या पक्ष्याला ती भिंत आहे हे कसं कळणार, आणि ती स्वतःच शीटवर फुली मारते. दोघींनी मिळून बचत गटासाठी मासळी साफ करायचा ओटा आणि पाहुण्यांचं जेवणघर आखलं आहे. जेवणघर पाण्याकडे तोंड करून, ओटा त्याच्या शेजारी, पश्चिमेला. बचत गटाच्या ताई मॉडेलभोवती एक फेरी मारतात.

"वारा कुठनं येतोय आमच्यात, ठाऊक हाय का?"

"पश्चिमेकडून," एकजण म्हणते, आणि म्हणता म्हणताच तिच्या ध्यानात येतं.

"मग चिलापीचा समदा वास पाव्हण्याच्या ताटात," ताई म्हणतात. "ओटा फिरीव. आन धुतलेलं पाणी कुठं जातंय ते दाव. आत्ता आम्ही तळ्यात सोडतो, ते बरं न्हाई, आमालाबी कळतंय." दोघी तिथल्या तिथं मॉडेलमधला ओटा उपटून पूर्वेला लावतात. डिंक अजून ओला आहे, बोटांना चिकटतो. मी शिकत होते तेव्हा ज्युरीसमोर मॉडेलला हात लावायची कुणाची छाती नव्हती. इथं तो ओटा तासाभरात तीनदा हलतो, आणि प्रत्येक वेळी सुधारतो.

मग ती बाभळीवाली येते. तिच्याकडे मॉडेल म्हणावं असं फारसं काहीच नाही. एक शीट आहे, तिच्यावर शाळेच्या मुलांच्या आकृत्या. ती दोनदा गावात येऊन गेली आहे, आणि पहिलीपासून चौथीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांची उंची तिनं टेपनं मोजली आहे. उभं राहून वेगळी, मांडी घालून वेगळी. मांडी घातलेल्या चौथीतल्या मुलाचा डोळा जमिनीपासून साधारण 60 सेंटीमीटरवर येतो. तिची सगळी रचना ह्या एका आकड्याभोवती फिरते. बसकी, लांबट, बांबूची आडोशाची भिंत. तिला आडव्या फटी. सगळ्यात खालची फट ह्या मुलांसाठी, वरची मोठ्यांसाठी. उभा माणूस आभाळावर उमटतो आणि पक्ष्याला दुरून कळतो. बसलेला माणूस जमिनीत मिसळून जातो. म्हणून वर चढायचं काही नाही. तोंड उत्तरेला, कारण ह्या काठावर पाणी उत्तरेला आहे आणि सूर्य दिवसभर पाठीशी राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही, पिसांचे रंग नीट दिसतात.

मला तिचं काम मनापासून आवडतं आणि मी तसं सांगते. तिनं इमारतीआधी माणूस मोजला आहे, तोही सगळ्यात लहान.

फटींच्या खाली तिला पक्ष्यांची नावं लिहायची आहेत. तिच्या यादीत इंग्रजी नावांची देवनागरी आहे. मुख्याध्यापक हळूच म्हणतात, नावं पोरांना विचारा की. आणि पोरं सुरू होतात. शेकाट्या. थापट्या. कुदळ्या. चित्रबलाक. काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. हे शेवटचं नाव ऐकून पुण्याच्या मुलांत एकदम खसखस पिकते आणि लगेच ती गप्प होतात, कारण नाव किती चपखल आहे ते समजतं. समोरचं पाणी पुढे पंढरपूरलाच जातं. पक्ष्यांची मराठी नावं जमवण्यात मारुती चितमपल्लींनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली, आणि ते ह्याच भीमेच्या मुलखातले, सोलापूरचे. 'पक्षिकोश' शाळेच्या कपाटात आहे, मुख्याध्यापक काढून दाखवतात. पण मुलांनी सांगितलेली नावं सगळीच त्यात सापडतील असं नाही. ती ह्या काठाची आहेत. मुलगी इंग्रजी यादी खोडते आणि एकेक नाव पुन्हा विचारून लिहून घेते, ऱ्हस्वदीर्घासकट.

"आता बाहेर जाऊ या," ती म्हणते, आणि तो गोणपाटाचा भारा उचलते.

चार वाजता आम्ही सगळे काठावर आहोत. बांबू रोवायला वीस मिनिटं पुरतात. मामा सुतळीच्या गाठी मारतात, जाळ्याला मारतात तशाच, ओढली की सुटणाऱ्या. गोणपाट ताणून बांधलं की तिच्या शीटवरची भिंत खऱ्या मापात उभी राहते. कात्रीनं फटी कापल्या जातात. चौथीतली सहा मुलं मांडी घालून बसतात आणि कुणालाही वाकावं लागत नाही. मी मागे गुडघ्यांवर बसते.

समोर थवा आहे. लांबून मळकट पांढरे दिसणारे पक्षी, पाय मात्र गुलाबी, आणि मान पाण्यात बुडवून सगळे एकाच लयीत चिखल तुडवताहेत. थव्याचा एकसारखा कलकलाट इथपर्यंत येतो. डावीकडे चक्रवाकांची जोडी आहे. मुलं कुजबुजत मोजतात. एकाचा आकडा चुकला की दुसरा कोपरानं ढोसतो.

तेवढ्यात मनोऱ्यावाला मुलगा आडोशाच्या बाहेर, उजव्या अंगाला, उभा राहतो. तो काही गंमत करत नाही, त्याला बघायचं आहे. आधी कडेच्या चार माना पाण्यातून वर येतात. मग वीस. मग सगळा थवा, न उडता, न घाबरता, शिस्तीत आत चालू लागतो. मुलगा हळूच खाली बसतो. माना वरच राहतात. मी घड्याळ बघते. पहिली मान पुन्हा पाण्यात जायला सात मिनिटं लागतात. होडी थव्यात घालून पक्षी उडवायला लावणारे आणि तो फोटो मिरवणारे मी ह्याच पाण्यावर बघितले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला संताप आला आहे. ज्यांनी हे असं सात मिनिटं थांबून बघितलं, ती मुलं तसं करणार नाहीत असं मला वाटतं.

अचानक, कशानं कोण जाणे, दहाबारा पक्षी पळत पळत पाण्यावरून उठतात. पंख उघडतात. आतला रंग दिसतो, लालभडक, काळ्या काठाचा. आडोशात कुणी श्वास घेत नाही.

ऊन उतरल्यावर मनोऱ्यावाला मुलगा मामांपाशी येतो. त्यानं शीटवर बटर पेपर टाकला आहे, हातात पेन्सिल. मनोरा त्यात नाही. जमिनीचा उतार आहे, कागदभर लांब, इतका मंद की काढलाय की नाही अशी शंका यावी.

"मामा, आता सांगा. ऑक्टोबरची कुठं?"

मामा उकिडवे बसतात. कागद मांडीवर घेतात, समोरच्या रानाशी ताडून बघतात. "ती बाभळ दिसती? तिच्या बुडाला." मुलगा रेघ मारतो, तिच्यापाशी महिना लिहितो. "डिसेंबराला त्या दगडापासली." दुसरी रेघ. जानेवारीवर दोघांचं पटत नाही, मामा आणखी एका मच्छीमाराला हाक मारतात, तो येऊन तिसरीच जागा दाखवतो, आणि मग तिघं कागदावर डोकं घालून बसतात. बाभळीवाली मागे उभी राहून बघते. तिच्या आडोशाला चाकं लावावी लागतील की तो खांद्यावरून नेता येईल इतका हलका ठेवावा, ह्याचा ती मनाशी हिशोब करते आहे. बोटांवर बांबू मोजणं चाललंय.

"आन आजची?" मुलगा विचारतो.

मामा उठतात, चिखलात चार पावलं जातात आणि पाणी जिथं संपतं तिथं बाभळीची एक काडी खोचतात.

"सकाळी येऊन बघ," ते म्हणतात. "काडी हितंच आसंल."