२ चा ६ होण्याआधी

संपादकांना मोडलेलं जोडून देणाऱ्यांवर मालिका करायची होती. घड्याळजी, छत्रीवाला, कल्हईवाला ही नावं माझ्यापर्यंत येण्याआधीच वाटली गेली होती. उरला कॉम्प्युटरवाला. मला तो नकोच होता. घड्याळ उघडलं की निदान काहीतरी फिरताना दिसतं, कल्हईला नवसागराचा वास असतो. कॉम्प्युटर उघडला की आत नुसती धूळ. पण चाळीसगावच्या मामेभावाने फोनवर एक वाक्य टाकलं: "बाकीचे फॉरमॅट मारून देतात, नाना शोधतात." त्या 'शोधतात'साठी मी जानेवारीत गाडी पकडली.

दुकान स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. नाव-पत्ता छापायचा नाही, ही नानांची पहिली अट. गाव त्यांना नाना म्हणतं, तेवढं पुरे. दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला मांडणी, तिच्यावर कॅबिनेटांची रांग आणि प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. भडगाव, पाचोरा, घाटावरचं कन्नड. धुळ्याच्या गाडीने सीपीयू मांडीवर घेऊन येणारेही आहेत. माणूस आत आला की नाना चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "काय व्हयनं भो?" आणि उत्तर संपेपर्यंत यंत्राला हात लावत नाहीत. हात न लावण्याची ही वेळ मी मोजली. एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती अकरा मिनिटं भरली.

निळ्या स्क्रीनचा अधिकृत इतिहास फार मोठा नाही. १९९३ साली मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी ३.१ आलं. त्यातली यंत्रणा थांबल्याची पाटी जॉन व्हर्ट या प्रोग्रॅमरने लिहिली. निळ्यावर पांढरी अक्षरं का, तर त्याच्या टेबलावरच्या यंत्राचा सुरुवातीचा पडदा आणि तो वापरायचा तो एडिटर, दोन्ही तशाच रंगांचे होते. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स भर मंचावर असताना विंडोज ९८ च्या प्रात्यक्षिकात स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. सभागृह हसलं. विंडोज ८ पासून त्या पडद्यावर रडका चेहरा आला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रं एकदम निळी पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. नानांकडे त्या दिवशी एकही यंत्र आलं नाही. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांचं, चाळीसगावात ते कोण घेणार? फोन मात्र दिवसभर वाजत होता.

पडदा निळा का होतो, हे मला नानांपेक्षा त्यांच्या बाकावर रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या काकांनी चांगलं सांगितलं. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आहेत. जुन्या हाताच्या सिग्नलला तारेने ओढून 'गाडी जाऊ द्या' करायचे. तार तुटली तर वजनाने हात आपोआप धोक्यावर यायचा. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, पुढे जाता कामा नये. विंडोजचा गाभाही असाच आखलेला आहे. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद होतो. पण गाभ्यातच काही भलतं सापडलं, नको त्या पत्त्यावर कोणी लिहायला गेलं, तर यंत्र स्वतःला थांबवतं, जमेल तेवढा पंचनामा डिस्कवर लिहितं आणि कारणाचा कोड पडद्यावर टाकतं. लोक त्याला बिघाड म्हणतात. काकांच्या हिशेबात तो लाल सिग्नल.

नाना स्वतः कमी बोलतात. टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस, अजून मल्टिमीटर शर्टाच्या खिशातच असतो. कोड पाहायची त्यांची रीत अशी: रोज एकच कोड येत असेल आणि पंचनाम्यात रोज एकाच ड्रायव्हरचं नाव असेल, तर तो ड्रायव्हर काढा, प्रश्न मिटला. "चोर रोज एकाच खिडकीतून येत असेल तर खिडकी दुरुस्त करायची," ते म्हणाले. "रोज वेगळ्या खिडकीतून येत असेल तर भिंतच पोकळ आहे."

भिंत पोकळ असलेलं एक यंत्र २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे आलं. त्याची खूण अजून दुकानात खिळ्याला टांगलेली आहे: दोऱ्यात ओवलेली एक रॅमची पट्टी आणि वाया गेलेली लग्नपत्रिका.

यंत्र एका डीटीपीच्या दुकानातलं. लग्नाची दाट तारीख, पत्रिकांचा ढीग, आणि पडदा निळा. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. दुसऱ्या कोणीतरी आधीच दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. नानांनी आधी फाँटच्या डोंगलचा ड्रायव्हर बदलून पाहिला. मग ब्लोअर मारला. आतून कापसाची तुसं आणि वाळलेली पाल निघाली. रॅमच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवला. त्याचा भुगा झटकायला विसरलं तर नवाच रोग लागतो. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची १२ व्होल्टची तार मोजली. ११.४ ते १२.६ च्या आत असली की चालते, ती ११.९ भरली. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावला. हा प्रोग्रॅम विंडोजला बाजूला ठेवून रॅमच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे भरतो, परत वाचतो आणि जुळवतो. रात्रभर चालला. सकाळी शून्य चुका.

आजारी पोर डॉक्टरच्या दारात गेलं की खेळायला लागतं, तसं झालं. यंत्र डीटीपीच्या दुकानात परत गेलं आणि दुसऱ्याच दुपारी निळं पडलं.

मग नाना यंत्राऐवजी जागा तपासायला गेले. कॅबिनेटला हात लावला तर मुंग्या आल्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटरने २२ व्होल्ट दाखवले, तिथे दोन-तीनच्या वर असू नयेत. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा उन्हाने भेगाळला होता. मीठ-कोळसा भरला, आठ बादल्या पाणी ओतलं, मुंग्या थांबल्या. सगळ्यांनी चहा घेतला. नानांनी हा भाग सांगताना स्वतःच मान हलवली, कारण तीन दिवसांनी पडदा पुन्हा निळा.

उकल नानांनी केली नाही, हे तेच सांगतात. डीटीपीच्या दुकानात काम करणाऱ्या ताईने प्रत्येक वेळी पडदा निळा झाला की हाताशी असलेल्या रद्द पत्रिकेच्या पाठीवर वेळ लिहून ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मालक 'तूच काहीतरी दाबतेस' म्हणायचे म्हणून. ती पत्रिका मी हातात घेऊन पाहिली. निळ्या बॉलपेनने एकाखाली एक: २.४०, ३.१५, १.५५, ४.०५, २.३०. एकूण चौदा नोंदी. एकही सकाळची नाही, एकही दिवेलागणीनंतरची नाही.

वर पत्र्याचं छप्पर. मेमधला खानदेश, बाहेर ४४-४५ अंश. नानांनी मेमटेस्ट लावला होता तो रात्री, कूलरसमोर.

आता रॅमच्या आत जावं लागेल, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट तिथेच आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म माठ. भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०; पट्टीच्या काही भागांत नेमकं उलटं. पण हे सगळे माठ पाझरतात. म्हणून यंत्र दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक माठात डोकावतं आणि भरलेला असेल तर पुन्हा काठोकाठ भरतं. सेकंदाला पंधरा वेळा, अखंड. ८ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७२ कोटी माठ असतात. उष्णता वाढली की पाझर वाढतो. चिप ८५ अंशांच्या वर गेली तर दुप्पट वेळा पाणी घालावं, असा मानकाचाच नियम आहे. त्याच्या बऱ्याच खालीसुद्धा, ६,८७२ कोटींतला एखादा माठ जन्मतःच पातळ भाजलेला असेल, तर भरणारा परत येण्याआधीच तो रिकामा होतो. भरदुपारीच.

गूगलच्या यंत्रांवर झालेल्या २००९ च्या एका मोठ्या पाहणीत दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. तापमानाचा परिणाम मात्र तिथे फारसा दिसला नव्हता. हे मी नानांना सांगितलं. "त्यांच्याकडे एसी असतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांनी मेमटेस्ट तिथेच, पत्र्याखाली, दुपारी एक वाजता लावला. पावणेतीनला पहिली लाल ओळ उमटली. मग तीच ओळ पुन्हा, त्याच पत्त्यावर. लिहिलं एक, वाचलं दुसरं, फरक एका बिटाचा. पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली तर चूक पट्टीबरोबर गेली. पहिल्या स्लॉटमध्ये दुसरी पट्टी घातली तर चूक नाही. म्हणजे बोर्ड निर्दोष.

जानेवारीच्या थंडीत मला हे कसं दाखवणार? नानांनी खिळ्यावरची पट्टी काढून टेबलावरच्या उघड्या बोर्डात बसवली आणि मेमटेस्ट सुरू केला. अर्धा तास काहीच नाही. मग खणातून हेअर ड्रायर काढला, पार्लरमध्ये असतो तसला गुलाबी, आणि वीतभर अंतरावरून पट्टीवर धरला. काकांनी पेपर खाली ठेवला. चारेक मिनिटांत लाल ओळ आली. ड्रायर बंद केला, ओळी थांबल्या. गाव सांगतं की, स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस दारं उघडी ठेवून वर्षानुवर्षं पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहत असत. ती त्यांच्या हयातीत काही आली नाही. नानांच्या टेबलावरची चार मिनिटंसुद्धा मला लांब वाटली.

बिघाड यादृच्छिक का वाटतो तेही आता कळलं. तो एक माठ कोणाच्या वाट्याला येईल हे दर वेळी वेगळं. नवरदेवाच्या फोटोच्या वाट्याला आला तर फेट्यावरचा एक ठिपका रंग बदलेल, कोणाला दिसणारही नाही. विंडोजच्या गाभ्यातल्या एखाद्या पत्त्याच्या वाट्याला आला तर पडदा निळा. आणि मुहूर्ताच्या वाट्याला आला तर? घरी येऊन मी युनिकोडचा तक्ता काढला. देवनागरी २ आणि ६ यांच्यात संगणकाच्या लेखी फक्त एका बिटाचा फरक आहे. इंग्रजी आकड्यांतही तसाच. १२ वाजताचा मुहूर्त १६ वाजता व्हायला तो एक पातळ माठ पुरेसा आहे, आणि तेव्हा कुठलाही पडदा निळा होणार नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये दर आठ बिटांमागे पहारेकऱ्यासारखा एक जादा बिट असतो, चूक तिथल्या तिथे पकडतो. आपल्या टेबलावरच्या बहुतेक यंत्रांत तो नसतो. पैसे वाचवायला वगळलेला आहे. तेव्हापासून निळा पडदा मला शत्रू वाटत नाही. भीती वाटते ती निळ्या न पडलेल्या दुपारांची.

मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी एक किस्सा लिहिला आहे. लोकांकडून आलेल्या क्रॅशच्या पंचनाम्यांत त्यांना अशी एक आज्ञा बंद पडलेली दिसली, जी चुकूच शकत नाही. प्रोसेसरमधला एक कप्पा शून्य करणं एवढंच तिचं काम. चौकशीत कळलं की ती यंत्रं ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवली जात होती, आणि काही मालकांना याची कल्पनाच नव्हती. विकणाऱ्याने तशीच विकली होती. नानांना हा किस्सा फार आवडला. पुन्हा सांगायला लावला.

आता दुकानाचं काय होणार, हा प्रश्न मी विचारणार नव्हतो. दुपारी तो आपोआप निघाला. त्या डीटीपीच्या कामाला नानांचे मिळून नऊ दिवस गेले. बिलात जुन्या पट्टीची किंमत आणि मजुरी तीनशे. मालकाने विचारलं होतं, "पट्टीच बदलली ना? मग तीनशे कसले?" शोधायला लागलेला वेळ बिलात कुठल्या नावाने लिहायचा, हे नानांना अजून सुचलेलं नाही. फॉरमॅट मारणाऱ्याचा धंदा सोपा आहे. तासाभरात यंत्र हातात, पडदा नवाकोरा, गिऱ्हाईक खूश, आणि चूक परत आली की पुन्हा पैसे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मांडणीवरची निम्मी यंत्रं चौथ्या पिढीची आहेत; ती चालतात, पण कंपनीच्या लेखी गेली. जुन्या डीडीआर३ पट्ट्या नाना भंगारातून तपासून काढतात. नव्या रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून असे चढले आहेत की कोटेशन संध्याकाळपर्यंतच धरा असं घाऊकवाले सांगतात. चिपांचा माल एआयच्या केंद्रांकडे वळला आहे. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डालाच डाखलेली असते, खोडरबर फिरवायला जागाच नाही. हाताखाली आलेली दोन पोरं मोबाइलच्या धंद्यात गेली. काचा बदलण्यात रोख पैसा आहे आणि वाट पाहावी लागत नाही. नाना त्यांना दोष देत नाहीत. मी थोडा देतो.

आणि २०२५ मध्ये विंडोज ११ ने तो पडदाही बदलला. आता तो काळा आहे, रडका चेहरा गेला. काकांना हे मुळीच पटलेलं नाही. "लाल सिग्नलचा रंग बदलला असता तर आम्ही संप केला असता," ते म्हणाले. कोड मात्र अजून खाली येतो. नानांना तेवढं पुरतं.

निघताना मी विचारलं की वाचकांना काही सांगायचं आहे का. त्यांनी खिळ्यावरच्या पत्रिकेकडे बोट दाखवलं. तेच लिहितो. पडदा निळा किंवा काळा झाला तर लगेच बटण दाबू नका. मोबाइलने कोडचा फोटो काढा, घड्याळ पाहून वेळ लिहा, तेव्हा पंखा चालू होता का, नुकतीच वीज गेली होती का, नवीन काय जोडलं होतं, तेही लिहा. कागद कुठलाही चालेल. तो घेऊन दुकानात जा आणि 'फॉरमॅट मारा' असं आपण होऊन म्हणू नका.