कॉम्प्युटर अचानक बंद पडतो? पार्ट बदलण्याआधी हे गैरसमज बदला

सुटे भाग आणून घरी जोडलेला कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की पहिली अडचण अशी की दाद मागायला एक दुकान नसतं. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. रॅमवाला एसएमपीएसकडे बोट दाखवतो, एसएमपीएसवाला मदरबोर्डकडे. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो, पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. खरं तर असा बंद पडणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. घरातला एमसीबी पडतो तसंच हे आहे. एमसीबी बदलून उपयोग नसतो, तो का पडला हे शोधावं लागतं. त्या शोधाच्या आड येणारे काही गैरसमज इथे दूर करू.

गैरसमज १ : विंडोज बिघडलं असेल, फॉरमॅट केलं की होईल.

वस्तुस्थिती : बंद पडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि निदान तिथूनच सुरू होतं. निळा पडदा येऊन कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो का? चित्र गोठतं पण पंखे फिरत राहतात का? की पंखे, दिवे, सगळं एका क्षणात थांबतं? पहिल्या दोन प्रकारांत ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. तिसऱ्या प्रकारात मात्र वीजच तोडली गेलेली असते आणि फॉरमॅट करून ती परत येत नाही.

निळा पडदा कित्येकदा दिसतच नाही, कारण विंडोज लगेच आपोआप रिस्टार्ट होतं. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधला 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' हा पर्याय काढून टाकला की पडदा थांबून राहतो आणि त्यावरचा कोड वाचता येतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून तसंच जड काम द्या. तिथेही बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे.

गैरसमज २ : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय, म्हणजे एसएमपीएस गेला.

वस्तुस्थिती : या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ती पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते. तुम्ही स्वतः प्लग उपटलात तरी हीच नोंद होते. तिच्या तपशिलातला 'बगचेक कोड' पाहा. तो शून्य नसेल, तर निळा पडदा आला होता. शून्य असेल, तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही. जवळपास 'व्हिया-लॉगर'च्या नोंदी असतील, तर प्रोसेसर, मेमरी किंवा कार्डाच्या स्लॉटमधली हार्डवेअरची चूक पकडली गेली आहे. आणि १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटनेच बंद करायचा हुकूम दिला होता.

गैरसमज ३ : बंद पडतोय म्हणजे प्रोसेसर तापत असणार.

वस्तुस्थिती : आजचे प्रोसेसर तापले की आधी वेग कमी करतात. रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत. इंटेलच्या अलीकडच्या अनेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. वीज थेट तुटते ती त्याहूनही वरच्या तापमानाला. म्हणजे उष्णतेमुळे बंद पडणारा कॉम्प्युटर बहुधा आधी मंदावतो. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहणं, इंटेल कूलरची एखादी पिन नीट न बसणं, लिक्विड कूलरचा पंप थांबणं ही यामागची नेहमीची कारणं.

अंदाज नको, नोंद हवी. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम सगळी तापमानं दर काही सेकंदांनी फाइलमध्ये लिहून ठेवतो. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ६५ अंशांवर असेल, तर थर्मल पेस्ट बदलत बसू नका.

गैरसमज ४ : एसएमपीएसवर ६५० वॉट लिहिलंय आणि पंखाही फिरतोय, म्हणजे तो ठीक आहे.

वस्तुस्थिती : प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली वीज मुख्यतः १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. लेबलवर त्या वाटेपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. ३० अँपिअर म्हणजे ३६० वॉट, मग खोक्यावर कितीही मोठा आकडा असो.

शिवाय काही ग्राफिक्स कार्डं क्षणार्धापुरती सरासरीच्या कितीतरी पट वीज खेचतात. तेवढ्या झटक्यानेही एसएमपीएसमधलं संरक्षण काम करतं आणि सगळं बंद होतं. सरासरी वापर मात्र मर्यादेतच दिसत असतो. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या प्रमाणात, नव्या जोडणीची मोठी ग्राफिक्स कार्डं चालवणाऱ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अट आली. गेम सुरू होताच बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये हा संशय आधी घ्या. कार्डाला दोन सॉकेट असतील, तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल लावा.

'८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा किंवा संरक्षणाचा नाही. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून पाहणं ही भाराविना केलेली तपासणी आहे. खरी तपासणी म्हणजे चांगला एसएमपीएस मित्राकडून तात्पुरता आणून लावणं. मात्र केबल त्याच एसएमपीएसच्या वापरा. मॉड्युलर केबलींची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीची केबल डिस्क जाळू शकते.

गैरसमज ५ : यूपीएस लावलाय, म्हणजे विजेचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती : ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच झेपवतो. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि मग दिवे जराही लुकलुकले की कॉम्प्युटर जातो. एटीएक्स प्रमाणानुसार बाहेरची वीज तुटल्यावर एसएमपीएसने भारानुसार १२ ते १७ मिलीसेकंद तग धरावा, अशी अपेक्षा असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलीसेकंदांचं. बदलीला एसएमपीएसच्या या तग धरण्याच्या वेळेहून जास्त वेळ घेणाऱ्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर टिकणार नाही. काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला मानवत नाही. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून काही दिवस थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर चालवून पाहा.

गैरसमज ६ : बायोसचा सेल संपला म्हणून बंद पडतो.

वस्तुस्थिती : ३ व्होल्टचा तो सीआर २०३२ सेल घड्याळ आणि सेटिंग्ज राखतो. तो संपला की तारीख चुकते. चालू कॉम्प्युटर त्यामुळे सहसा बंद पडत नाही.

ज्यांच्याकडे लक्ष जात नाही असे दोषी

कॅबिनेटचं पॉवर बटण अडकलं, तर चार सेकंद दाबून धरल्यासारखं होऊन कॉम्प्युटर बंद होतो. चालू केल्यावर मदरबोर्डवरून बटणाची वायर काढून ठेवा. बंद पडणं थांबलं, तर दोष सापडला. मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला स्टँडऑफ मागच्या बाजूला शॉर्ट करू शकतो. प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल पूर्ण बसली आहे का, तेही पाहा. रॅमचा संशय असेल, तर एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून, एकेक पट्टी लावून मेमटेस्ट८६ चालवा.

वाचकांना कळकळीची विनंती : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी काय चालू होतं, कसा बंद पडला, ते वहीत लिहा. त्या चार ओळी दुकानदाराला दाखवल्यात, तर वॉरंटीचा वादही लवकर मिटेल. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार उरलेला असू शकतो. पार्ट नवा आणता येतो, जीव नाही.