हिपॅटायटिस सी: उद्याच्या डॉक्टरांना काय माहीत असतं आणि काय राहून जातं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे नीट लिहून ठेवलेत.

सुरुवात एका प्रश्नाने करू. तुमच्या ओळखीत कुणी एमबीबीएस, नर्सिंग किंवा डीएमएलटी करत असेल, तर सहज विचारून बघा, "हिपॅटायटिस सीची लस घेतलीस का?" समोरून "हो, तिन्ही डोस झाले" असं उत्तर आलं, की समजायचं, गडबड आहे. तीन डोसची लस असते ती हिपॅटायटिस बीची. हिपॅटायटिस सीवर आज जगात कुठेच लस नाही.

आता म्हणाल, हा विषय आत्ताच का? तर बघा, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकदम दहा नवीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आणि त्यात आपलं हिंगोलीही होतं. जागा १००. याआधी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याची पोरं डॉक्टर व्हायला नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर गाठायची. आता तीच मुलं-मुली आपल्याच जिल्ह्यात शिकतील आणि उद्या आपल्याच आज्जीचं रक्त काढतील. त्यांच्या डोक्यात या आजाराबद्दल काय आहे, याच्याशी आपला थेट संबंध आहे.

कावीळ एकच नसते

आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की एकच शब्द: कावीळ. मग कुणी माळ घालतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन "कावीळ उतरवून" देतं. आणि माणूस बराही होतो! कसा काय?

कारण हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून, अन्नातून येतात आणि बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपोआप जातात. श्रेय माळेला मिळतं, काम शरीराने केलेलं असतं. (गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे एक दिवसही थांबू नका.)

बी आणि सी यांची गोष्ट वेगळी. दोन्ही रक्तातून पसरतात. लोक ज्याला "पांढरी कावीळ" म्हणतात, तो बहुतेक वेळा बी असतो. पंजाब-हरियाणाकडे सीला "काला पीलिया" म्हणतात. गंमत अशी, की सीमध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. लागण झालेल्या दहापैकी आठ जणांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू स्वतःहून जातो. बाकी ७० टक्क्यांच्या यकृतात तो घर करून राहतो. वीस वर्षांत त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना सिरॉसिस, म्हणजे यकृत आकसून कडक होण्याचा धोका असतो. पुढे कॅन्सरही होऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि २०२२ या एका वर्षात त्याने सुमारे २ लाख ४२ हजार जीव गेले.

विद्यार्थी नेमके कुठे अडखळतात?

भारतात, शेजारच्या देशांत आणि इतरत्रही वैद्यकीय विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन बऱ्याच पाहण्या झाल्यात. त्यांत एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो. "सी रक्तातून पसरतो" हे बहुतेकांना येतं. पुढचा प्रश्न आला की गाडी अडते. कारणही समजण्यासारखं आहे. पुस्तकात बी आणि सी शेजारी-शेजारी असतात, परीक्षेत जास्त प्रश्न बीवर येतात आणि मग बीची माहिती नकळत सीला चिकटते.

अडखळण्याच्या मुख्य जागा तीन.

पहिली, लस. हे वर आलंच. धोका असा, की "माझी लस झालीय" या भरवशावर विद्यार्थी हातमोजे न घालता रक्त काढायला बसतो.

दुसरी, "पॉझिटिव्ह" म्हणजे काय? नीट वाचा, हे महत्त्वाचं आहे. पहिली तपासणी असते अँटीबॉडीची. ती पॉझिटिव्ह आली, तर एवढंच कळतं की हा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला. तो आज आहे की नाही, हे कळायला दुसरी तपासणी लागते: आरएनए, म्हणजेच व्हायरल लोड. माणूस पूर्ण बरा झाला, तरी अँटीबॉडी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. बरा झालेला माणूस म्हणून रक्तदान करू शकत नाही, पण तो आजारीही नसतो आणि त्याच्यापासून कुणाला धोकाही नसतो. हा फरक ज्या डॉक्टरला माहीत नाही, तो बऱ्या झालेल्या माणसालाही जन्मभर "सी पॉझिटिव्ह" म्हणत राहील.

तिसरी, उपचार. "हा बरा होत नाही" असं अजूनही कानावर येतं. ती जुनी गोष्ट झाली. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागायची, त्रास भयंकर आणि गुण निम्म्यांना. आता गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवड्यांचा कोर्स, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. बरे म्हणजे खरोखर बरे, नुसते आटोक्यात नव्हे.

या गोळ्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. विषाणू सापडला १९८९ मध्ये. त्यावरच्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. सोफोसबुविर ही गोळी २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आली तेव्हा एका गोळीची किंमत होती १,००० डॉलर! १२ आठवड्यांचा कोर्स ८४,००० डॉलरचा. नंतर भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले, जेनेरिक गोळ्या निघाल्या आणि किंमत धाडकन खाली आली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत.

माहिती वेगळी, वागणं वेगळं

आता खरा मुद्दा. समजा, विद्यार्थ्याला हे सगळं पाठ आहे. तरी वॉर्डात सीचा पेशंट आला की काय होतं? कॉट कोपऱ्यात सरकवली जाते. फाईलवर लाल शाईत मोठ्ठं लिहिलं जातं. ऑपरेशन पुढे ढकललं जातं. नातेवाइकांसमोर मोठ्याने बोललं जातं. मग गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही, आणि पोरीचं लग्न ठरत असेल तर विषयच संपला.

हे का होतं? भीतीमुळे. आणि ही भीती उलट्या दिशेने काम करते. विचार करा: ज्याला आहे हे माहीत आहे, त्याच्याबाबत सगळेच सावध असतात. पण ज्याला आहे आणि त्याला स्वतःलाच माहीत नाही, असा माणूस शेजारच्या कॉटवर शांत झोपलेला असतो. म्हणून नियम सोपा आहे: प्रत्येकाचं रक्त धोक्याचंच समजायचं. हातमोजे प्रत्येक वेळी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. ती थेट न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. हे पाळलं, तर कुणालाच वेगळं काढायची गरज उरत नाही.

आणि हो, सोबत जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्याने सी पसरत नाही. आईच्या दुधातूनही नाही. स्तनाग्रांना चीर पडून रक्त येत असेल, तर तेवढ्यापुरतं थांबायचं.

सुई टोचली तर?

आज जे शिकतायत, त्यांनी हा भाग सेव्ह करून ठेवा.

सी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता जुन्या पुस्तकांत १.८ टक्के दिलेली आहे. अलीकडच्या मोठ्या पाहणीत ती ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन निघाली. एचआयव्हीची साधारण ०.३ टक्के. आणि बीची, लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के! म्हणून बीची लस टाळू नका.

टोचल्यावर करायचं काय?

जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढत बसू नका, बोट तोंडात घालू नका. लगेच सीनिअरला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल, तर ते शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू करावं लागतं. सीसाठी असं आधी घ्यायचं औषध नाही. तिथे पाठपुरावा हाच उपाय: पेशंटची तपासणी, तुमची त्याच वेळची तपासणी, ३ ते ६ आठवड्यांनी आरएनए आणि ४ ते ६ महिन्यांनी शेवटची तपासणी. लागण निघालीच, तर गोळ्या आहेत.

पण बरेच विद्यार्थी सांगतच नाहीत. सर ओरडतील, मित्र हसतील, "एवढंसं तर टोचलंय." मग तारीख नोंदवली जात नाही, तपासणी राहून जाते, आणि जो आजार तीन महिन्यांत बरा झाला असता तो वीस वर्षांनी सिरॉसिस होऊन समोर येतो. सीनिअर मंडळी, तुम्ही ऐकत असाल तर एवढंच: टोचल्याचं सांगायला आलेल्या पोराला आधी पाणी द्या, मग फॉर्म भरून घ्या. ओरडाल, तर पुढचा कुणी सांगायला येणार नाही.

आपण काय करायचं?

सगळा भार डॉक्टरांवर टाकून चालणार नाही. अंग दुखलं की "डॉक्टर, एक सुई टोचा आन् बाटली लावा" असा हट्ट आपणच धरतो ना? गोळीने भागत असेल तर गोळी घ्या. इंजेक्शन लागलंच, तर नवीन सिरिंज आपल्यासमोर फोडायला सांगा. सलूनमध्ये नवीन ब्लेड मागा. महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत नाव गोंदवायची हौस आली, तर सुई आणि शाई दोन्ही नवी आहे का ते बघा.

घरात कुणाला पूर्वी कधी रक्त चढवलं असेल, कुणाचं डायलिसिस चालू असेल, थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त लागत असेल, तर एकदा सीची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात जाऊन राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमाबद्दल विचारा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर घाबरून घरी बसू नका. पुढचा प्रश्न एकच विचारायचा: "व्हायरल लोड कधी करायचा?"

आणि तुमच्या त्या डॉक्टर होणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला हा भाग पाठवाच. सोबत तीन प्रश्न पाठवा: लस आहे का? पॉझिटिव्ह म्हणजे काय? सुई टोचली तर कुणाला सांगशील? पहिल्या दोघांची उत्तरं पुस्तकात आहेत. तिसऱ्याचं त्याच्या कॉलेजातल्या वातावरणावर ठरतं, आणि हिंगोलीत ते वातावरण आत्ता कुठे घडतंय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी!