एक साथ, तीन शास्त्रे : मुंबईतील प्लेग आणि संशोधनाची विविधता

विद्यापीठीय संशोधनविषयांची यादी चाळणाऱ्यास तीत प्रथमदर्शनी विविधतेपेक्षा विस्कळीतपणाच अधिक जाणवतो. एका विभागात एखाद्या कीटकाच्या पचनेंद्रियाचे सूक्ष्म निरीक्षण चाललेले असते. दुसऱ्यात मृत्युनोंदींची कोष्टके मांडली जात असतात. तिसऱ्यात इमारतीची उंची व तिच्यासमोरील मोकळी जागा यांचे गुणोत्तर तपासले जात असते. या तिहींचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारले तर त्या त्या विषयाच्या संशोधकासही समाधानकारक उत्तर देणे पुष्कळदा कठीण जाते. तथापि ही तीनही उदाहरणे कल्पित नाहीत. एकाच घटनेच्या अभ्यासात ती कोठे ना कोठे उपस्थित झालेली आहेत. ती घटना म्हणजे १८९६ साली मुंबईत उद्भवलेली प्लेगची साथ होय. विज्ञान, आरोग्य आणि नगररचना या तीन क्षेत्रांतील संशोधन एकाच प्रश्नाकडे कसे वळले, कोठे परस्परपूरक ठरले आणि कोठे एकमेकांस न विचारता पुढे गेल्यामुळे लोकांच्या दुःखास कारण झाले, हे या साथीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

साथीचा आरंभ

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठी येऊन ताप चढलेले रोगी आढळू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ग्रंथिक संनिपात म्हणजेच प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीचा भाग. माणसे आजारी पडू लागण्यापूर्वी वखारींतून उंदीर मरून पडत होते, ही गोष्ट तेथील रहिवाशांच्या ध्यानी आली होती. परंतु तिचा अर्थ लावणारे शास्त्र त्या वेळी तयार नव्हते. थोड्याच महिन्यांत शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ च्या जनगणनेत ती ७,७६,००६ भरली. एरवी सतत वाढणाऱ्या या नगरीची वस्ती दहा वर्षांच्या अंती घटलेली दिसावी, यावरून आघाताची कल्पना यावी.

जंतू, लस आणि पिसू

विज्ञानापुढील पहिला प्रश्न रोगाच्या कारणाचा होता. त्याचे उत्तर साथीच्या दोन वर्षे आधीच मिळालेले होते. १८९४ साली हाँगकाँग येथील साथीत अलेक्झांद्र यर्सें यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता. त्याच सुमारास किटासातो यांनीही तेथे स्वतंत्रपणे तोच शोध घेतला होता. मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत या जंतूपासून प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांना ती टोचण्यात आली. टोचून घेतलेले व न घेतलेले, एकाच आवारात राहणारे आणि एकच अन्न खाणारे, अशा दोन गटांची ही तुलना होती. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

जंतू सापडला, लस मिळाली. परंतु रोग एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा, हा प्रश्न तसाच राहिला. मुंबईत व कराचीत काम केलेले फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांना दोन गोष्टी खटकल्या. नुकत्याच मेलेल्या उंदरास हात लावणारा माणूस आजारी पडे. मात्र उंदीर मरून पुष्कळ वेळ लोटला असेल तर त्याच्या स्पर्शाने काही होत नसे. शिवाय काही रोग्यांच्या अंगावर कीटकदंशासारखा लहान फोड आढळे. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडताच त्यास सोडून जाणारे असे काही तरी असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. जून १८९८ मध्ये कराचीत त्यांनी प्लेगग्रस्त उंदीर व निरोगी उंदीर यांच्यामध्ये जाळी घातली. उंदीर एकमेकांस शिवू शकत नव्हते, पिसवा मात्र पलीकडे जाऊ शकत होत्या. निरोगी उंदरास प्लेग झाला. इतका सरळ प्रयोग असूनही त्या वेळच्या चौकशी आयोगाने पिसवांचा मुद्दा विचारात घेण्याजोगा मानला नाही. माती, कोंदट हवा, ओल आणि घाण यांतच रोगाचे मूळ आहे, ही समजूत इतकी दृढ होती.

छपराचा प्रयोग

सिमाँ यांचे म्हणणे सिद्ध होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. ते ज्या प्रयोगांनी सिद्ध झाले ते परळच्याच आवारात, १९०५ पासून काम करू लागलेल्या नव्या संशोधकमंडळाने केले. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी केलेल्या निरीक्षणांनी त्याची वाट तयार केली होती. या प्रयोगांसाठी सहा लहान घरे मुद्दाम बांधण्यात आली. त्यांतील मुख्य फरक छपराचा होता. दोन घरांवर देशी कौले, दोहोंवर मंगलोरी कौले आणि दोहोंवर पन्हळी पत्रा होता. देशी कौलांच्या थरांत उंदीर मुक्तपणे वस्ती करतात. मंगलोरी कौलांत त्यांस तितकी सोय नसते. पत्र्याखाली तर जवळजवळ नसतेच. छपराखाली तारेची जाळी ठोकून उंदरांना खाली उतरू दिले जात नसे. पिसवांना मात्र वाट मोकळी होती.

या घरांत गिनिपिग ठेवून जे निष्कर्ष निघाले ते मूलगामी होते. पिसवा नसतील तर रोगी व निरोगी प्राणी एकत्र राहूनही साथ पसरत नसे. ती घरे झाडली जात नसत, विष्ठा व मूत्र तेथेच पडून राही. तरीही पसरत नसे. रोगी मातेचे दूध पिणारी पिलेसुद्धा निरोगी राहत. पिसवा सोडल्या की मात्र रोग फैलावू लागे. जमिनीपासून काही अंतरावर टांगलेल्या किंवा भोवती चिकट कागद पसरलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी बचावत, कारण पिसूची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. घाण ही निंद्य असली तरी ती स्वतः प्लेगची वाहक नव्हे, हे यावरून निश्चित झाले. पुढे १९१४ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बॅकॉट व मार्टिन यांनी या साखळीतील अखेरचा दुवा दाखविला. जंतूंच्या वाढीमुळे पिसूच्या जठराचे तोंड बुजते; तिची भूक भागत नाही; ती पुनःपुन्हा चावते आणि त्या प्रयत्नात जंतुमिश्रित रक्त जखमेत परत जाते.

या प्रयोगमालेकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. जंतुशास्त्राच्या या प्रयोगात बदलती राशी होती ती छपराची बांधणी. मांडवीच्या चाळीतील कौलांखाली काय चालते हे ज्याने पाहिले नसेल त्यास हा प्रयोग सुचणे शक्य नव्हते. सूक्ष्मदर्शकाखालील जंतू आणि घरबांधणी यांचा संबंध येथे प्रथमच प्रयोगाच्या भाषेत मांडला गेला.

आरोग्यव्यवस्था आणि लोकमत

परंतु साथ संशोधनाची वाट पाहत थांबत नाही. हे ज्ञान हाती येण्यापूर्वीच शासनास कृती करावी लागली, आणि ती त्या वेळच्या समजुतींना धरूनच झाली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. घरांची झडती, रोग्यांस सक्तीने रुग्णालयात नेणे, नातलगांचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ हे उपाय सुरू झाले. मुंबईत कार्बोलिक द्रावाने घरे धुतली गेली, गटारांतून पाण्याचे लोट सोडले गेले. त्यामुळे गटारांतील उंदीर उलट घरांत शिरले असावेत, असे अनुमान पुढे केले गेले. जंतू मारण्यासाठी वापरलेली औषधे पिसूस व उंदरास फारशी बाधत नव्हती. माणसाच्या अब्रूस मात्र ती झडती बाधत होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात प्लेग समितीच्या कारभाराविरुद्ध असंतोष धुमसत गेला आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता.

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकास यातून एक कायमचा धडा मिळाला. आरोग्याचा उपाय लोकांकडून पार पाडावयाचा असतो. म्हणून लोकांचा विश्वास ही त्या उपायाची बाह्य सजावट नसून त्याचे अंगच होय. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचल्यानंतर १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा दोष हाफकिन यांच्यावर आला व तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. प्रयोगशाळेतील शुद्धता आणि गावातील सुईची स्वच्छता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचा अभ्यास पहिलीइतकाच शास्त्रीय असावा लागतो.

रस्ते, घरे आणि प्रकाशाचा कोन

नगररचनेचा प्रवेश याच सुमारास झाला. १८९८ साली स्थापन झालेल्या बाँबे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टकडे दाट वस्त्या मोकळ्या करणे, रुंद रस्ते काढणे आणि नवी वसाहत उभारणे ही कामे सोपविण्यात आली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आज महंमद अली मार्ग म्हणून ओळखला जाणारा सिडनहॅम रोड आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याच ट्रस्टची कामगिरी होय. समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरली की रोग हटेल, ही त्यामागील श्रद्धा होती. पण पाडलेल्या घरांतील सर्वांस नवी घरे मिळाली नाहीत. गरीब भाडेकरू कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हता. तो शेजारच्याच चाळीत आणखी दाटीने राहू लागला. एका गल्लीतील गर्दी दुसऱ्या गल्लीत सरकली आणि उंदीरही तिच्याबरोबर सरकले. जंतुशास्त्राचा नवा निष्कर्ष हाती आला तेव्हा नगररचनेचे काम जुन्या गृहीतावर बरेच पुढे गेलेले होते.

तरीही ट्रस्टचे सारे चिंतन व्यर्थ गेले असे म्हणता येत नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम पुरस्कारिला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी रेषा आकाशाकडे न अडता जावी, म्हणजेच समोरील इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक नसावी, असा तो नियम. प्लेगच्या संदर्भात त्याचा उपयोग मर्यादित होता, कारण पिसू प्रकाशकोन पाहत नाही. परंतु क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, कोंदट खोलीत टिकून राहतो आणि सूर्यप्रकाशाने मरतो. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातील पुनर्वसन वसाहतींची जी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत एकमेकींस लगटून उभ्या असलेल्या व प्रकाश-वारा न पोचणाऱ्या इमारतींत क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. एका रोगासाठी चुकीचे ठरलेले उत्तर दुसऱ्या रोगासाठी बरोबर होते. एखादी संशोधनदिशा निष्फळ ठरली म्हणून ती समूळ टाकून देऊ नये, हे यावरून ध्यानात येते.

गेडीस यांची दृष्टी

ही तीन क्षेत्रे एका विचारात आणण्याचा प्रयत्न पॅट्रिक गेडीस यांनी केला. मूळचे जीवशास्त्रज्ञ व डंडी येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले गेडीस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पश्चात हा विभाग डॉ. गो. स. घुर्ये यांनी वाढविला. योजनेपूर्वी पाहणी, उपचारापूर्वी निदान, हे गेडीस यांचे सूत्र होते. सरसकट पाडापाडीऐवजी एखादे जीर्ण घर काढून तेथे लहानसे अंगण मोकळे करावे, विहीर व झाड राखावे, लोकांस उठवू नये, अशा जपणूक करणाऱ्या शस्त्रक्रियेचा त्यांनी आग्रह धरला. १९१७-१८ च्या सुमारास इंदूरमध्ये असताना त्यांनी दिवाळीची मिरवणूक ज्या आळ्या अधिक स्वच्छ होतील त्यांतून नेण्याचे जाहीर करविले, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा फिरविली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. उंदराविषयीचे प्रयोगशाळेतील ज्ञान येथे सणाच्या रूपाने घराघरांत पोचले. सक्तीच्या झडतीने जे वीस वर्षांपूर्वी साधले नव्हते त्याची वाट येथे दिसली.

निष्कर्ष

संशोधनाची विविधता म्हणजे केवळ विषयांची संख्या नव्हे. प्रत्येक शास्त्राचे मोजमापाचे एकक निराळे असते. जंतुशास्त्राचे एकक जंतू व पिसू, आरोग्यशास्त्राचे एकक रोगी व लोकसमूह, नगररचनेचे एकक घर व गल्ली. आपल्या एककात जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानण्याचा मोह प्रत्येक शास्त्रास होतो. १८९८ चा आयोग पिसू पाहू शकला नाही, ट्रस्ट भाडेकरू पाहू शकला नाही, प्लेग समिती उंबरठ्याची मर्यादा पाहू शकली नाही. या तिन्ही दृष्टिदोषांची किंमत ज्यांनी कोणताही प्रबंध लिहिला नाही अशा माणसांनी मोजली.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व त्यानंतर सुरतेत प्लेगची पुन्हा वार्ता आली, तेव्हा १९९३ च्या भूकंपानंतर रिकाम्या पडलेल्या घरांतील धान्य आणि त्यावर वाढलेले उंदीर यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. भूकंप, घरबांधणी, धान्यसाठा, उंदीर व रोग हे पाच विषय कोणत्याही एका विभागाच्या अभ्यासक्रमात एकत्र येत नाहीत. ते एकत्र आणण्याचे काम पदव्युत्तर संशोधकाचे आहे. आपल्या विषयाचे सखोल ज्ञान हे त्याचे पहिले कर्तव्य. शेजारच्या विभागात आपल्याच प्रश्नाविषयी काय सापडले आहे याची चौकशी करणे हे दुसरे. परळच्या त्या सहा घरांची छपरे बांधताना ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडली गेली होती.